कुंपणाच्या हाती दिलेली किल्ली : कॅपिटल वन डेटाचोरीचे प्रकरण

१७ जुलै २०१९. अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या एका ईमेल पत्त्यावर अनोळखी माणसाचे छोटेसे पत्र आले. आमच्या यंत्रणेत काही त्रुटी दिसली तर इथे कळवा, असे सांगून बँकेनेच तो पत्ता जाहीर केलेला होता. पत्राचा आशय एवढाच : तुमचा डेटा गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅमर आपले काम जिथे ठेवतात त्या संकेतस्थळावर, कुणाच्या तरी पानावर फुटलेला दिसतो आहे, पाहून घ्या. सोबत त्या पानाची लिंक.

बँकेच्या लोकांनी पान उघडले. त्यावर त्यांच्याच एका सर्व्हरचा पत्ता होता, तीन आज्ञा होत्या आणि ७०० हून अधिक फोल्डरांची यादी होती. फाइलवर तारीख होती २१ एप्रिलची. त्यांनी त्या आज्ञा स्वतः चालवून पाहिल्या, तर त्या खरोखर चालत होत्या. पहिल्या आज्ञेने किल्ली हाती येत होती, दुसरीने कोठारांची यादी, तिसरीने माल. १९ जुलैला चोरीची खात्री पटली. २९ जुलैला बँकेने ती जाहीर केली आणि त्याच दिवशी सिएटलमध्ये एका महिलेला अटक झाली.

डेटा मात्र २२ आणि २३ मार्चलाच गेलेला होता.

अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती त्यात होती. बहुतेक सगळी क्रेडिट कार्डाच्या अर्जांतली : नाव, पत्ता, फोन, ईमेल, जन्मतारीख, अर्जदाराने स्वतः सांगितलेले उत्पन्न. काहींचे क्रेडिट स्कोअर, खात्यातली शिल्लक, हप्ते वेळेवर भरले की नाही याचा इतिहास. अमेरिकेतले सुमारे १,४०,००० सोशल सिक्युरिटी क्रमांक (तिथे ते ओळख क्रमांकासारखे वापरले जातात), ८०,००० बँक खाते क्रमांक आणि कॅनडातले सुमारे १० लाख सोशल इन्शुरन्स क्रमांक. कार्डांचे क्रमांक आणि लॉगिनचे पासवर्ड मात्र गेले नाहीत.

हे प्रकरण मी इतक्या तपशिलाने मांडतो आहे त्याला कारण आहे. पुण्यात छोट्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळण्याचे काम मी करतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला विचारते, "सगळं ॲमेझॉनवर टाकलं तर डेटा सेफ राहील ना? एवढी मोठी कंपनी आहे." प्रश्न मनापासून विचारलेला असतो, कारण विचारणाऱ्याच्या हाती त्याच्या गिऱ्हाइकांची माहिती असते आणि तिची त्याला काळजी असते. हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर द्यायला गेलो की मला कॅपिटल वन आठवते. कारण ती बँकही ॲमेझॉनच्या क्लाउडवरच, म्हणजे ॲमेझॉनकडून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच, होती आणि तिला क्लाउड कळत नव्हता असे कुणीच म्हणू शकत नाही.

अडाणी ग्राहक नव्हता

२०१४ मध्ये कॅपिटल वनची स्वतःची आठ डेटा सेंटर होती. २०१५ मध्ये ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या, वार्षिक मेळाव्यात बँकेच्या माहिती तंत्रज्ञान प्रमुखांनी व्यासपीठावरून सांगितले की स्वतःच्या डेटा सेंटरपेक्षा सार्वजनिक क्लाउडवर आम्ही जास्त सुरक्षितपणे काम करू शकतो. त्या काळी अमेरिकेतल्या मोठ्या बँका क्लाउडकडे संशयाने पाहत होत्या, म्हणून त्या विधानाची चर्चाही झाली. पुढे बँकेने आपली सगळी डेटा सेंटर बंद केली. इतकेच काय, क्लाउडवरची मांडणी चुकली तर पकडणारे 'क्लाउड कस्टोडियन' हे साधन याच बँकेच्या इंजिनिअरांनी लिहिले आणि २०१६ मध्ये ते सगळ्यांसाठी खुले केले. आजही जगभर ते वापरले जाते.

अशा घरात चोरी झाली. म्हणून "मोठ्या कंपनीकडे ठेवले" हे उत्तर मला पुरत नाही, आणि "आमची माणसे हुशार आहेत" हेही नाही.

किल्ली कशी मिळाली

चोरीची पद्धत समजून घ्यायला थोडा वेळ दिलेला बरा.

बँकेच्या संकेतस्थळासमोर एक फायरवॉल होती. येणारी प्रत्येक विनंती तपासायची आणि वाईट असेल ती अडवायची, हे तिचे काम. ही फायरवॉल म्हणजे ॲमेझॉनकडून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर बँकेने स्वतः बसवलेले सॉफ्टवेअर होते. तिच्या मांडणीत एक चूक होती : बाहेरच्या माणसाने "माझ्या वतीने अमुक पत्त्यावर जाऊन विचार आणि उत्तर मला आणून दे" असे सांगितले तर ती ते ऐकत होती.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. त्याच्या केबिनमध्ये एक इंटरकॉम आहे. तो फक्त सोसायटीच्या आतूनच लागतो, म्हणून पलीकडचा माणूस कोण बोलते आहे हे विचारत नाही. आतून फोन आला म्हणजे आपलाच माणूस, एवढे त्याला पुरते. बाहेरच्या चोराला तो इंटरकॉम लावता येत नाही. पण चोर गेटवर उभा राहून वॉचमनला म्हणतो, "जरा आत फोन लावून तुमचा आजचा पास नंबर विचारा आणि मला सांगा." आणि वॉचमन तसे करतो.

एडब्ल्यूएसच्या प्रत्येक सर्व्हरला असा एक इंटरकॉम असतो. त्याचा पत्ता सगळीकडे एकच, १६९.२५४.१६९.२५४. या पत्त्यावर सर्व्हर स्वतःबद्दलची माहिती विचारू शकतो आणि त्याला नेमून दिलेल्या भूमिकेची, म्हणजे त्याला काय काय करता येईल हे ठरवणाऱ्या ओळखीची, तात्पुरती किल्लीही तिथेच मिळते. सोय चांगली आहे, कारण त्यामुळे प्रोग्रॅममध्ये पासवर्ड लिहून ठेवावा लागत नाही. पण त्या वेळी या पत्त्यावर साधी विनंती गेली की किल्ली हातात पडायची. फायरवॉलने विचारले, किल्ली मिळाली आणि तिने ती बाहेर देऊन टाकली.

इथवरचे नुकसान तसे मर्यादित राहिले असते. अशा फायरवॉलला फार तर स्वतःच्या नोंदी लिहायला एखादी जागा लागते. कॅपिटल वनच्या फायरवॉलला दिलेल्या भूमिकेला मात्र एस-थ्री या साठवणुकीतल्या सगळ्या कोठारांची यादी पाहता येत होती आणि त्यांतला माल उचलताही येत होता. कुंपणानेच शेत खाल्ले असे आपण म्हणतो. इथे कुंपणाने काही खाल्ले नाही, पण कोठाराची किल्ली कुंपणाच्या खिळ्याला अडकवून ठेवलेली होती. ती तिथे का होती, याचे पटेल असे कारण माझ्या वाचनात कुठेही आले नाही. माझ्या अनुभवात अशा किल्ल्या घाईत दिल्या जातात : काहीतरी चालत नसते, कुणीतरी म्हणते "तूर्त सगळी परवानगी देऊन टाक, नंतर कमी करू", आणि ते नंतर कधी येत नाही.

चोर एडब्ल्यूएसची माजी कर्मचारी निघाली. त्यामुळे "आतल्या माणसाचे काम" अशी हाकाटी झाली, पण ती नोकरी २०१६ मध्येच सुटलेली होती आणि चोरीसाठी आतले कुठलेही दार वापरलेले नव्हते. चुकीची मांडणी असलेली खाती शोधत फिरणारे एक साधन तिने लिहिले होते. त्या जाळ्यात कॅपिटल वनसोबत आणखी ३० हून अधिक संस्था सापडल्या आणि काहींच्या सर्व्हरवर क्रिप्टो चलन काढण्याचे प्रोग्रॅमही बसवले गेले. बाहेरचा कुणीही चिकाटीचा माणूस हे करू शकला असता. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

कूटबद्ध होते, तरी उघडले

हा भाग मी ग्राहकांना समजावताना सगळ्यात जास्त वेळ घेतो, कारण "आमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे" हे वाक्य विक्रीच्या प्रत्येक पत्रकात असते.

कॅपिटल वनचा डेटाही एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा कूटबद्ध, होता. बँकेने स्वतःच तसे सांगितले आणि पुढे हेही सांगितले की ज्या मार्गाने चोर शिरला त्या मार्गाने डेटा उलगडूनही मिळत होता. क्लाउडवर बहुधा असेच असते. डिस्कवर माहिती कूटबद्ध पडलेली असते. पण ज्याच्याकडे वाचण्याची परवानगी आहे त्याने मागितली की यंत्रणा ती आपणहून उलगडून देते. अशा कूटबद्धतेने डेटा सेंटरमधून डिस्क पळवणाऱ्यापासून संरक्षण मिळते. परवानगीची किल्लीच पळवणाऱ्यापुढे तिचा काही उपयोग नाही.

तरीही एका गोष्टीने कॅपिटल वनला खरोखर वाचवले. सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि खाते क्रमांक यांच्या जागी बँक टोकन ठेवत असे. खऱ्या क्रमांकाऐवजी एक बदली क्रमांक. आणि बदलीवरून मूळ काढण्याची पद्धत व किल्ल्या पूर्णपणे वेगळ्या. चोराला टोकन मिळाले, मूळ क्रमांक मिळाला नाही. बँकेच्या म्हणण्यानुसार ९९ टक्क्यांहून अधिक सोशल सिक्युरिटी क्रमांक यामुळे सुरक्षित राहिले. जे १,४०,००० गेले, ते या झाकणाबाहेर राहिलेले होते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना आणि ॲपवाल्यांना ग्राहकाचा कार्ड क्रमांक साठवायला मनाई केली. किराणा मागवताना "हे कार्ड टोकनाइज करायचे का?" असा प्रश्न स्क्रीनवर येतो, तो त्यामुळेच. कॅपिटल वनचे प्रकरण वाचल्यापासून त्या चौकोनावर टिचकी मारताना मला बरे वाटते.

नोंद होती, पाहणारा नव्हता

न्यायालयात दाखल झालेल्या तक्रारीतला एक तपशील मला विसरता येत नाही. ईमेल आल्यावर बँकेने आपल्या जुन्या नोंदी काढल्या, तेव्हा सगळे तिथे लिहिलेले सापडले. टॉर जाळ्यातून, म्हणजे ओळख लपवून, आलेल्या जोडण्या. २२ मार्चला फायरवॉलच्या भूमिकेची किल्ली वापरून मागितलेली सगळ्या कोठारांची यादी. आणि तक्रारीत पुढे म्हटले आहे की नेहमीच्या कामकाजात ही भूमिका अशी यादी कधीच मागत नाही.

कधीच मागत नाही. म्हणजे गेटवरचा वॉचमन मध्यरात्री गोदामाची साठा-नोंदवही चाळत बसला होता, कॅमेऱ्यात तो दिसतही होता, आणि कॅमेऱ्याचे चित्र कुणी पाहत नव्हते. "या भूमिकेने यादी मागितली तर मला उठवा" एवढा एक नियम लावलेला असता तर जुलैतली ती ईमेल लागलीच नसती.

त्या ईमेलबद्दलही मला मनापासून कृतज्ञता वाटते. एका अनोळखी माणसाने पाहिले आणि लिहिले. आणि लिहायला पत्ता होता. आपल्याकडच्या एखाद्या पतसंस्थेचे, पॅथॉलॉजी लॅबचे किंवा शाळेचे संकेतस्थळ उघडून पाहा. तुमचा डेटा फुटला आहे असे कुणाला कळवायचे झाले तर पत्ता सापडतो का? बहुतेक ठिकाणी फक्त चौकशीचा फॉर्म असतो.

दोष कुणाचा

एडब्ल्यूएसने पहिल्या दिवसापासून एकच भूमिका घेतली : आमच्या यंत्रणेत कुणी शिरले नाही, ती ठरवल्याप्रमाणेच चालली. पुढे सेनेटर रॉन वायडन यांनी पत्र लिहून विचारणा केली, तेव्हाही कंपनीचे उत्तर असेच होते की ग्राहकाने बसवलेल्या फायरवॉलची मांडणी चुकली आणि ग्राहकानेच दिलेल्या मोकळ्या परवानग्यांनी नुकसान वाढले. कराराच्या दृष्टीने हे बरोबर आहे. क्लाउड कंपन्यांचे तत्त्वच असे की इमारत, वीज, कुलपाची यंत्रणा आमची. खोलीत काय ठेवले आणि किल्ली कुणाला दिली ते तुमचे.

पण मला हे उत्तर अर्धवट वाटते. इंटरकॉमवरून किल्ली पळवण्याची ही युक्ती सुरक्षेच्या क्षेत्रातल्या लोकांना कित्येक वर्षे ठाऊक होती. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या क्लाउडवर अशा विनंतीसोबत एक खास खूण पाठवावी लागे, त्यामुळे नुसत्या फसवलेल्या वॉचमनला सहजासहजी किल्ली मिळत नसे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वायडन आणि सेनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी यावरच बोट ठेवून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे ॲमेझॉनच्या चौकशीची मागणी केली. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१९ मध्ये, एडब्ल्यूएसने नवी पद्धत आणली : आधी वेगळ्या प्रकारच्या विनंतीने एक टोकन घ्यायचे, ते दाखवले तरच किल्ली. जुनी पद्धत बंद करायची की नाही हे मात्र ग्राहकावर सोडले. जी दुरुस्ती चोरी उघड झाल्यावर चार महिन्यांत करता आली, ती चोरीआधी करता आली असती असे मला वाटते. यंत्रणा ठरवल्याप्रमाणे चालली हे खरे आणि ठरवणे कमी पडले हेही खरे.

सरकारी नियामकाने दंड केला तो बँकेला. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या चलन नियंत्रक कार्यालयाने ८ कोटी डॉलरचा दंड लावला. त्या आदेशातला सूर कडक आहे. क्लाउडवर स्थलांतर करण्याआधी धोक्याचा नीट अंदाज घेतलेला नव्हता; अंतर्गत लेखापरीक्षणाला कित्येक कमजोरी दिसल्याच नाहीत; आणि ज्या दिसल्या त्यांबाबत संचालक मंडळाने व्यवस्थापनाला जाब विचारला नाही. चोरी २०१९ ची, पण नियामकाने बोट ठेवले २०१५ च्या सुमारास झालेल्या निर्णयांवर. ग्राहकांनी केलेल्या सामूहिक दाव्यात बँकेने १९ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. दाव्यात सुमारे ९ कोटी ८० लाख माणसे येत होती. सरसकट भागाकार केला तर माणशी दोन डॉलरही येत नाहीत. आरोपीला जून २०२२ मध्ये सिएटलच्या ज्यूरीने दोषी ठरवले.

चौदा वर्षांचे अर्ज

तंत्राचे सगळे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट राहते आणि मला ती सगळ्यांत जास्त खुपते. चोरीला गेलेले अर्ज २००५ पासून २०१९ च्या सुरुवातीपर्यंतचे होते. २००५ मध्ये एडब्ल्यूएसची ही साठवणूक सेवा सुरूही झालेली नव्हती. ती आली २००६ मध्ये. म्हणजे कुणीतरी ते जुने अर्ज उचलून क्लाउडवर नेले, आणि नेताना "हे अजून लागतात का?" असे विचारले गेले असेल तर उत्तर हो असे आले. अर्ज करण्यापलीकडे ज्यांचा बँकेशी काही संबंध उरला नव्हता, त्यांची जन्मतारीख आणि उत्पन्न तिथे पडून होते. नसलेला डेटा कुणी चोरू शकत नाही, आणि तो ठेवायचा की नाही हा निर्णय क्लाउड कंपनी कधीच घेत नाही.

आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, २०२३ च्या, या दोन्ही गोष्टी स्पष्ट आहेत. डेटा ज्याने गोळा केला तो जबाबदार, प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घेतली तरी आणि करारात काहीही लिहिले तरी. आणि ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले की, दुसऱ्या कायद्याने ठेवायला लावली नसेल तर, ती पुसायची. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये बँकांना दिलेल्या निर्देशांतही काम बाहेर देता येते, जबाबदारी देता येत नाही हेच सांगितले आहे.

त्यामुळे "सेफ राहील ना?" असे विचारणाऱ्याला मी आता तीन गोष्टी दाखवायला सांगतो. कोठार वाचू शकणाऱ्या सगळ्या भूमिकांची यादी, नावानिशी. त्यांपैकी एखादीने नेहमीपेक्षा वेगळे काही केले तर ज्याचा फोन वाजेल त्या माणसाचे नाव. आणि कोठारातली सगळ्यात जुनी फाइल. डेटा मुंबईत आहे की व्हर्जिनियात हे त्यानंतर विचारतो. नियमांसाठी ते महत्त्वाचे असते, पण कॅपिटल वनमध्ये बँक, क्लाउड, चोर आणि पोलीस सगळे एकाच देशातले होते आणि त्याने काही अडले नाही.

पहिल्या दोन गोष्टी दोन-चार दिवसांत सुधारतात. तिसरीवर गाडी अडते. गेल्या वर्षी छोटी कर्जे देणाऱ्या एका संस्थेत सगळ्यात जुने फोल्डर उघडले तर त्यात कर्ज नाकारलेल्या लोकांच्या आधार आणि पॅन कार्डांचे फोटो होते, आठ वर्षांपूर्वीचे. मालक म्हणाले, "असू दे हो, जागेचे पैसे असे कितीसे लागतात." मी त्यांना २००५ च्या त्या अर्जांबद्दल सांगितले. त्यांनी सीएंना फोन लावला, कोणती कागदपत्रे किती वर्षे ठेवणे बंधनकारक आहे ते विचारले आणि उत्तर यायला तीन आठवडे लागले. नाकारलेले अर्ज त्या यादीत बसत नव्हते. त्या शनिवारी आम्ही दोघांनी बसून ते फोल्डर पुसले, आणि मग बॅकअपमधूनही.